पायगुण की चुना

आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला हायड्रेंजियाची झाडं होती. नगरच्या उन्हात हायड्रेंजिया लावणं हा मुळातच हट्ट. ते थंड हवेचं, धुक्यातलं झाड. सासरे होते तेव्हा दोघं भंडारदऱ्याला गेले होते. तिथे एका बंगल्याच्या दारात निळ्या फुलांचे गुच्छ पाहून सासूबाई अडून बसल्या की हे झाड पाहिजेच. तिथल्या माळ्याने फांद्या दिल्या आणि तुमच्याकडच्या काळ्या मातीत हे जगणार नाही असंही बजावलं. मग सासऱ्यांनी तिकडची तांबडी माती टेम्पोतून पोत्यांनी आणली. भिंतीच्या सावलीत चर काढून ती भरली, वर हिरवी जाळी बांधली. नगरपासून थोडं बाहेर, कर्जतच्या रस्त्याला, जिथे लोक अंगणात कडुलिंब आणि फार तर जास्वंद लावतात, तिथे आमच्याकडे निळे गुच्छ फुलू लागले. हायड्रेंजिया हे नाव सासूबाईंच्या जिभेवर काही बसलं नाही. त्या झाडाला हैदराबादी म्हणायच्या, आणि आल्यागेल्याला चहा विचारायच्या आधी हैदराबादी दाखवायच्या.

मी त्या घरातली थोरली सून. पाणी घालणं, वाळकी फुलं खुडणं, उन्हाळ्यात जाळीवर पाणी मारणं हे माझ्याकडे, आणि कौतुक त्यांच्याकडे. "माज्या हाताला लई गुन हाय," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या तेव्हा बादली माझ्या हातात असायची. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार मोठ्या मनाची बाई आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा घराला रंग द्यायचं ठरलं. समोरून चांगला डिस्टेंपर, आणि उत्तरेची भिंत कोण बघायला जातंय म्हणून तिला चुना. हा निर्णय सासूबाईंचा. रंगाऱ्यांनी आधी जुन्या चुन्याचे पोपडे खरवडून खाली पाडले, मग नवा हात मारला. काम संपलं तेव्हा ड्रमच्या तळाशी बराच चुना उरला होता. रंगारी तो रस्त्याकडेला ओतायला निघाला, तर सासूबाई म्हणाल्या, "आरं, वाया कशाला घालतो? हितं झाडांच्या बुडाला वत. मुंग्या येत न्हाईत." आमच्याकडे झाडांना चुना लावतातच, कडुलिंबाला, आंब्याला. पण तो बुंध्याला लावतात, मुळांना पाजत नाहीत. मी पोळ्यांच्या परातीत हात घालून बसले होते. रंगाऱ्याने ड्रम वाकडा केलेला मला खिडकीतून दिसला, तेवढ्यात आतून कुणी तरी हाक मारली आणि मी उठले.

लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली. मला ती आवडली नाही. सकाळी आठ वाजता मोबाईलवर गाणी लावायची, चहा पिऊन कप तिथेच ठेवायची, माझा कंगवा वापरायची आणि त्यात केस तसेच सोडायची. हसायची मात्र फार. कुठल्याही गोष्टीवर हसायची. सासूबाई तिला पदरावरून बोलल्या तरी ती हसत हसत "हो आत्याबाई" म्हणायची आणि पदर होता तिथेच राहायचा. मी इतक्या वर्षांत जे करू शकले नाही ते ही पोरगी आठवड्यात करत होती, म्हणूनही ती मला आवडली नसेल.

मृग संपता संपता हायड्रेंजियाने नवी पालवी धरली, आणि ती पालवी पिवळी आली. शेंड्याची पानं सर्वांत पिवळी, त्यांच्यावर शिरा मात्र हिरव्या, कुणी हिरव्या पेनाने रेघा माराव्यात तशा. पुढे कळ्या उमलल्या त्याही निळ्या नव्हत्या. धड गुलाबी नाही, धड जांभळी नाही, असा काही तरी मळकट रंग. सासूबाई रोज सकाळी त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि तोंड आंबट करून परत यायच्या. मग एकदा चहाच्या वेळी सगळे ओट्यावर बसलेलो असताना त्यांनी निकाल दिला.

"ही पोरगी उंबऱ्याच्या आत आली आन् माज्या हैदराबादीचा रंग उतारला. पायगुन म्हनत्यात तो ह्यो."

पायगुण हा फार सोयीचा शब्द आहे. नवी सून घरात आली की पुढे वर्षभर जे काही बिघडेल ते तिच्या पावलांमुळे. काही सुधारलं तर तेही तिच्याच पावलांमुळे, असं म्हणायची रीत आहे खरी, पण मी ते फारसं कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. जावई घरात आल्यावर म्हैस आटली तर जावयाला कुणी काही बोलत नाही. त्याला पाय असतात, पायगुण नसतो.

हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण मी लग्न होऊन आले त्या वर्षी आमच्या बोअरचं पाणी गेलं. शेजारच्या मळ्यात आमच्यापेक्षा खोल बोअर घेतली होती आणि ती धो धो चालत होती, हे सगळ्या वस्तीला दिसत होतं. तरी ते खापर माझ्या डोक्यावर फुटलं. माझी ओळखच तशी करून दिली जायची: "ही थोरली. हिच्या वक्ताला आमची बोअर आटली." पुढे दुसरी बोअर घेतली, तिला भरपूर पाणी लागलं. त्याचं श्रेय तळहातावर नारळ धरून पाणी बघणाऱ्या माणसाला मिळालं. तेव्हा मी रडले होते. कुणाला दिसू नये म्हणून चुलीपुढे बसून रडायचे, म्हणजे धुराचं नाव सांगता यायचं. त्यासाठी सासूबाईंना मी मनातून कधीच माफ केलं नाही, करायचा विचारही नाही.

धाकटी आधी हसली. झाडं पिवळी पडली त्यात माझे पाय कुठून आले, म्हणाली. पण सासूबाई मुरलेल्या. त्या भांडत नाहीत, त्या रोज थोडं थोडं बोलतात. कपडे वाळत घालायला ती उत्तरेच्या बाजूला निघाली की, "तिकडं जाऊ नगं, सावली पडंल तुजी." पाहुणे आले की पिवळं पान तोडून त्यांच्या हातात द्यायचं आणि हळूच स्वयंपाकघराकडे बघायचं. आषाढ जवळ आला तोवर धाकटीची मोबाईलवरची गाणी बंद झाली होती. एका दुपारी भाजी निवडताना तिने मला विचारलं, "ताई, खरंच माझ्यामुळं होत असंल का हो?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती. शिकलेली, कर्जतला कॉलेजात पहिली आलेली मुलगी, आणि महिन्याभरात एवढं वजन तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. माझ्या हातातली मेथीची जुडी मी इतक्या जोरात आपटली की ती दचकली. तिला वाटलं मी तिच्यावरच चिडले.

आमच्याकडे आखाड पाळतात. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सासू-सुनेने एकमेकींचं तोंड पाहू नये म्हणून नवी सून माहेरी जाते आणि श्रावणात, पंचमी झाली की, सासरचं कुणी तरी जाऊन तिला घेऊन येतं. मुलींना त्या महिन्याचं अप्रूप असतं. धाकटीला न्यायला तिचा भाऊ आला. सासूबाईंनी त्याच्यासाठी भजी करायला लावली, पोटभर खाऊ घातलं, आणि तो निघताना अगदी हसून म्हणाल्या, "आमची झाडं हिरवी हुईस्तवर ऱ्हाऊ द्या तिकडंच." भावाला वाटलं चेष्टा. तोही हसला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, म्हणून मी समजले की ही चेष्टा नाही.

त्यांनी कुणाला हाकललं नव्हतं. हाकलावं लागतच नाही. आखाडाला गेलेल्या सुनेला आणायला गेलं नाही की झालं. ती आपण होऊन आली तर बोलावल्याशिवाय आली म्हणून बोलता येतं, आणि नाही आली तर तिलाच नांदायचं नाही असं सांगता येतं. माझ्या माहितीतल्या दोघी तशा माहेरीच राहून गेल्या आहेत. दीर आईच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. एमआयडीसीत मशीन चालवणारा धडधाकट माणूस, पण घरात आला की आईने वाढलेलं जेवायचं आणि आईने सांगितलेलं ऐकायचं. म्हणजे धाकटी परत येते की नाही हे आता त्या पानांवर ठरणार होतं.

म्हणून मी पानं बघायला लागले. धाकटीवर माझं प्रेम उतू जात होतं असं नाही. मला सासूबाईंना खोटं पाडायचं होतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

भिंतीशी बसून एकेक फांदी उलटीपालटी करून पाहिली. पाणी जास्त झालं असतं तर खालची, जुनी पानं आधी गळून पडली असती. उन्हाने करपली असती तर कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या असत्या. खत कमी पडलं असतं तरी पिवळेपणा खालून वर चढला असता आणि शिराही पिवळ्या झाल्या असत्या. बुरशी म्हणावी तर एकही ठिपका नव्हता. इथे खालची पानं हिरवीगार, शेंड्याची पिवळी, आणि शिरा हिरव्या. पाहता पाहता मला एकदम माहेरचं रान आठवलं. राहुरीकडे उसाचं हे लहान मुलालाही कळतं. उसाची कोवळी पानं अशी पिवळी-पांढरी निघाली की म्हणतात, केवडा पडला. चुनखडीच्या रानात तर हमखास पडतो. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना ओढून घेता येत नाही, आणि नवं पान लोहावाचून हिरवं होत नाही. आमचे वडील त्यावर हिराकस, म्हणजे लोहाचं खत, द्यायचे. माझ्या सासरच्या उंबऱ्यात हायड्रेंजियाला केवडा पडला होता आणि इतके दिवस मी त्याला पाणी घालत होते.

खुरप्याने माती उकरली. बोटभर खाली पांढरे गड्डेच गड्डे. भिंतीचे पोपडे, त्यावर तो ड्रमभर चुना. भंडारदऱ्याच्या तांबड्या मातीची पार पांढरी राख झाली होती. निळ्या फुलांचा रंग का बदलला तेही कळलं. हे फूल आंबट मातीत निळं होतं आणि चुन्याच्या मातीत गुलाबी, एवढं मी कुठे तरी वाचलेलं होतं. तरी खात्री करावी म्हणून घरातून लिंबू आणलं, कापलं आणि त्या मातीवर पिळलं. माती फसफसली. बारीक बारीक बुडबुडे आले आणि मला एवढा आनंद झाला की मी एकटीच हसले.

तेवढ्यात वरून किंकाळी आली. सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. भर दुपारी झाडापाशी वाकलेली सून, हातात कापलेलं लिंबू, आणि ती हसतेय. आणखी काय पाहिजे?

"करनी करती माज्या घरात! आगं ए, लिंबू कापून टाकती झाडाच्या बुडाला!"

कंपाउंडपलीकडच्या दोन बायका भिंतीवरून डोकावल्या. आमच्या घरधन्यांना दुकानातून फोन करून बोलावलं गेलं. मी त्यांच्यासमोर पुन्हा लिंबू पिळून दाखवलं, चुन्यावर आंबट पडलं की असा फेस येतो म्हणून सांगितलं. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. "माती उकळाय लागली," त्या म्हणाल्या. "बाधा असल्याबिगर माती उकळती व्हय?" म्हणजे माझा पुरावा तोच त्यांचा पुरावा झाला. घरधनी मला आत नेऊन म्हणाले, "असेल चुन्याचं. पण आईच्या देखत लिंबू कशाला काढायचं?" मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

मग मी कुणाला काही सांगायचं सोडून दिलं आणि काम केलं. गड्डे निवडून काढले, वरची पांढरी माती पाटीने उचलून टाकली, कुजलेला पालापाचोळा भरला. कृषी सेवा केंद्रातून हिराकस आणलं, थोडं मातीत मिसळलं, थोडं पाण्यात विरघळवून त्यात लिंबू पिळून, या वेळी स्वयंपाकघरात दार लावून, पानांवर फवारलं. श्रावण लागता लागता शेंडे हिरवे झाले. नवं पान तर इतकं हिरवं की हात फिरवावासा वाटे. मला वाटलं, जिंकले. मी सगळ्यांना बाहेर बोलावलं, दिराला मुद्दाम पुढे उभं केलं.

सासूबाईंनी एक पान हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा," त्या म्हणाल्या. "ती गेली आन् झाडं हिरवी झाली. मी काय उगंच बोलत हुते व्हय?"

मी हिराकसाचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं, पिशवी आणून दाखवली. दीर मान हलवत होता, पण त्याचे डोळे त्या हिरव्या पानावर होते, आणि मला दिसलं की याला आईचं पटलंय. ती गेली, झाडं हिरवी झाली. यात समजायला अवघड काहीच नव्हतं. लोह, चुना, मुळं यांच्यापेक्षा ते सोपं होतं. धाकटीच्या विरुद्ध जो शेवटचा पुरावा लागत होता तो मी माझ्या हाताने, माझ्या पैशाने तयार करून दिला होता. त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना माझ्या हातून दोनदा भांडं पडलं आणि दोन्ही वेळा मी ते मुद्दाम सावकाश उचललं.

पंचमी झाली. कुणी आणायला गेलं नाही. दीर गच्चीवर जाऊन धाकटीशी फोनवर बोलायचा आणि खाली आला की आईला कळू नये म्हणून फोन खिशात उलटा ठेवायचा. मी विचारलं, तर "आई म्हणती, थोडं थांबू," एवढंच. तिकडून धाकटीचा मला एकदा फोन आला. झाडं हिरवी झाल्याचं तिला कळलं होतं. ती म्हणाली, "ताई, आता तर माझाही विश्वास बसायला लागलाय."

दुसऱ्या दिवशी मी चुना आणला.

सासूबाई दुपारच्या कीर्तनाला गेल्या होत्या. बादलीत चुना कालवला आणि चारी झाडांच्या बुडाशी ओतला. मला वाईट वाटलं. ती झाडं मी वाढवलेली होती, जाळीखाली उन्हाळे काढलेली होती, आणि त्यांचा काही दोष नव्हता. ओतून झाल्यावर वर चार पाट्या चांगली माती पसरली आणि हात धुतले. हाताची कातडी दोन दिवस रखरखत होती.

पंधरा दिवसांतच पुन्हा केवडा पडला, या वेळी जोराचा. शेंडे पिवळे, काही पानांच्या कडा करपलेल्या. सासूबाई गोंधळल्या. धाकटी तर घरात नव्हती. पहिले काही दिवस त्या म्हणाल्या की तिच्या साड्या अजून कपाटात आहेत म्हणून होतंय. साड्या बोचक्यात बांधून माळ्यावर गेल्या. पानं आणखी पिवळी झाली. मग म्हणाल्या, "ह्यो गच्चीवर जाऊन बोलतो ना तिच्याशी, त्या मोबाईलमदनं येत आसंल." पायगुण टॉवरवरून येतो हे ऐकून आमचे घरधनीसुद्धा हसले. दीर मात्र हसला नाही. तो पहिल्यांदाच आईकडे जरा वेळ बघत राहिला.

गौरी आल्या. पहिल्या वर्षीच्या गौरीला नवी सून घरात नाही म्हटल्यावर येणारी प्रत्येक बाई विचारायची, आणि सासूबाई प्रत्येकीला वेगळं कारण सांगायच्या. गौरी गेल्या त्या दुपारी आम्ही चौघंच जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी पुन्हा हैदराबादीचा विषय काढला की आता कुणाला तरी बोलावून घराचं बघून घ्यावं लागेल. मी भात कालवता कालवता म्हणाले, "कुणाला बोलवायची गरज नाही. मी चुना ओतलाय झाडांना. श्रावणात."

त्यांचा घास हातातच राहिला. मग त्या उठल्या, आणि जे ओरडल्या ते वस्तीच्या टोकापर्यंत गेलं असेल. "चुन्यानं मातेरं केलं गं माज्या झाडांचं! चुना वतल्यावर झाड जगंल व्हय? पिवळंच पडनार ना ते!"

मी म्हणाले, "पुन्हा म्हणा."

त्या थांबल्या. काय बोलून गेलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मी दिराकडे वळले. "लग्नाच्या आधी रंगाऱ्याला ड्रमभर ओतायला कुणी सांगितलं, विचार आईला. मी बादलीभरच ओतलाय." सासूबाई पाटावर परत बसल्या आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं. मला किती बरं वाटलं हे मी लपवणार नाही. इतक्या वर्षांचं बरं वाटलं. त्या जेवल्या नाहीत आणि मी आणखी एकदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी दीर सुट्टी टाकून मोटारसायकलवर तिच्या माहेरी, कर्जतला गेला. संध्याकाळी तो एकटाच परत आला. सासूबाई देवापाशी वात लावत होत्या. मी दारात गेले.

"सगळं सांगितलं तिला," तो म्हणाला. "झाडांचं चुन्यामुळं झालं, तुझा काही संबंध नाही, चल म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आणि चुना निघालाच नसता तर?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? गप बसलो."

आतून सासूबाई म्हणाल्या, "लई शानी हाय." मी वळून त्यांना म्हणाले, "आत्याबाई, तोंड बंद ठेवा." हे वाक्य मी त्या घरात आल्यापासून तोंडात धरून होते. ते बाहेर पडलं, पण त्यात मला मजा आली नाही. माझ्या कानात धाकटीचाच प्रश्न होता. पानं का पिवळी पडली, मुळांना काय झालं, माती का फसफसली, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती. झाडं काहीही कारण नसताना वाळून गेली असती तरी ती पोरगी या घरातलीच होती, हे त्या घरात कुणी म्हणालं नव्हतं. तिचा नवरा म्हणाला नव्हता. मीही नाही. मी नुसती झाडं हिरवी-पिवळी करत बसले होते.

दिराला ते कळायला वेळ लागला. तो पुन्हा कर्जतला गेला, परत एकटा आला, पुन्हा गेला. शेवटी दिवाळीच्या आधी त्याने नगरमध्ये एक खोली भाड्याने घेतली आणि मग ती आली. सासूबाई म्हणाल्या, थोरलीनं घर फोडलं. मी म्हणाले, हो, फोडलं. खोलीवर सामान लावायला मी गेले होते, शेगडी आणि चार भांडी घेऊन. धाकटी रिक्षातून उतरली, माझ्याकडे पाहून थोडंसं हसली. पूर्वीसारखं नाही, पण हसली.

घरमालकीणबाई हौशी होत्या. नवं जोडपं म्हणून त्या घाईघाईने तांदळाचं माप भरून घेऊन आल्या, ते उंबऱ्यावर ठेवायला वाकल्या आणि म्हणाल्या, "उजवा पाय आधी टाक बाई, बघू तुझा पायगुण कसा आहे ते."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही हातांत पिशव्या होत्या त्या सावरल्या आणि बाजूने, चपला घालूनच, तरातरा आत निघून गेली. आधी कुठला पाय पडला ते मीही पाहिलं नाही. मालकीणबाई माप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी ते त्यांच्याकडून घेतलं, आणि दुपारी आम्ही त्या तांदळाचा भात केला.